कुंकू लावलेली डिस्क

मे महिन्यात जळगावात माणसं दुपारची घराबाहेर पडत नाहीत. कॉम्प्युटरला ही सवलत नव्हती. पत्र्याच्या ऑफिसात, डाळमिलच्या पोटमाळ्यावर, झेरॉक्सच्या टपरीत तो बिचारा दिवसभर तापत बसायचा आणि मग एखाद्या दिवशी त्याची हार्ड डिस्क टिकटिक करू लागायची. त्या टिकटिकीवर माझं पोट चालायचं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी एका शेठच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला होतो. दुकान मूळचं कापडाचं. वडील गेल्यावर शेठनी मागच्या अर्ध्या भागात प्लायवूडची भिंत घालून कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली; पुढे ब्लाउजपीस आणि अस्तराचं कापड तसंच राहिलं. तिथे शेठच्या आई बसायच्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू. गिऱ्हाईक कॉम्प्युटरसाठी आलेलं असो की अस्तरासाठी, अक्का आधी त्याला चप्पल बाहेर काढायला लावत. धुळीने कॉम्प्युटरला व्हायरस होतो अशी त्यांची ठाम समजूत होती. डाळमिलमधला एखादा सीपीयू उघडल्यावर आतून जी तुरीची टरफलं निघत, ती पाहून मलाही कधीकधी ते पटायचं.

मी तेव्हा फार शहाणा होतो. म्हणजे मला तसं वाटायचं. एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीची, सीडी फुकट आली होती. शेठ म्हणाले, "फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार." मी तीन रविवार खर्चून ती दुकानातल्या एका भंगार मशीनवर चढवली. पहिल्या रविवारी पडदा काळाच राहिला, दुसऱ्या रविवारी चित्रं आली पण माउस हलेना, तिसऱ्या रविवारी दोन्ही जमलं. आवाज मात्र त्या मशीनमधून शेवटपर्यंत निघाला नाही. तरी मी असा फुगलो होतो की येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून लिनक्सचं कीर्तन ऐकवायचो. लोक हो हो म्हणायचे आणि आपलं मशीन घेऊन निघून जायचे.

शेठना मात्र त्यातली एक गोष्ट फार आवडली. लिनक्समध्ये एक कमांड होती, एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल उतरवणारी. फायली निवडायच्या नाहीत, काही नाही. पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकाम्या जागेसकट सगळं. मेहरूण भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासची दहा मशीनं आली तेव्हा मी एकच नीट लावलं आणि उरलेल्या नऊंवर त्याची नक्कल उतरवली. दोन दिवसांचं काम दुपारी चारला संपलं. शेठनी त्या दिवशी स्वतःहून कचोरी मागवली.

त्या कमांडचा एकच दोष. तिला कुठून आणि कुठे, एवढंच सांगायचं. उलटं सांगितलं तर ती मुकाट्याने उलटं करते, रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतते. साहेब, नक्की ना, असं विचारायची रीत तिच्याकडे नाही. म्हणून मी एक खूण ठरवली होती. चिठ्ठी चिकटवली तर आमच्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून ती गळून पडते, आणि पेन त्या पत्र्यावर उठत नाही. माझ्या टेबलाच्या वरच देवाची फळी होती, तिथे कुंकवाची डबी. भरलेल्या डिस्कच्या तोंडावर मी कुंकवाचा ठिपका लावायचो, रिकाम्या डिस्कला काही नाही. दोन वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. शेठ चेष्टा करायचे, "आज कुणाचं लग्न लावलंस रे?"

नवरात्र बसल्यावर तीन-चार दिवसांनी दोंडाईच्याचे नाना शेजारच्या एका पोराला घेऊन आले. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमन. चार वर्षांपूर्वी त्यांना कॉम्प्युटर मीच विकला होता. उतारवयातला पोस्टमन कॉम्प्युटर कशाला घेतो, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. कारण असं होतं: नोकरीतली बावीस वर्षं नाना दोंडाईचा धरून आसपासच्या अकरा गावांना सायकलवर टपाल वाटत. सायकलला मागे एक दोर बांधलेला असायचा, त्याच्या टोकाला लोखंडी वजन. महिन्यातून एकदा प्रत्येक गावातल्या एका ठरलेल्या विहिरीत तो दोर सोडायचा आणि पाणी किती हातांवर लागतं ते वहीत लिहायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी त्या सगळ्या वह्या एका बोटाने कॉम्प्युटरवर चढवल्या. कॉलेजातल्या कुणीतरी त्यांना डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारा एक छोटा प्रोग्रॅम फ्लॉपीवर लिहून दिला होता. त्यात आकडे भरले की पाण्याची रेघ पडद्यावर उमटायची.

बरोबरच्या पोराने सीपीयू टेबलावर ठेवला आणि नाना म्हणाले, "टिकटिक करस रे भाऊ. बठ्ठं यामा शे."

सगळं त्यातच आहे म्हटल्यावर मी विचारलं, "वह्या आहेत ना नाना?"

"तू सांगं ना, कॉम्प्युटरवर चढनं का कागद कसाले ठेवाना? म्हनीसन मी दिध्या रद्दीमा."

मी सांगितलं होतं. मला आठवत होतं. त्या वेळी मी सगळ्यांनाच तसं सांगायचो. मी हसून विषय बदलला, पण कान तापले ते तापलेच.

आणखी एक गोष्ट नानांनी सांगितली. कृषी महाविद्यालयातले एक प्राध्यापक दिवाळीनंतर ते आकडे घ्यायला त्यांच्या घरी येणार होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ते मागितले होते. हे सांगताना नाना माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की ते कुठेच नीट बघत नाहीयेत. डोळ्यात काचबिंदू उतरला होता. उजवा गेलेलाच, डाव्याने उजेड तेवढा कळायचा. पुन्हा सगळं भरायचं म्हटलं तरी आता त्यांना भरता येणार नव्हतं.

"नाना, बिनघोर जा," मी म्हणालो. "दसऱ्यानंतर मी स्वतः घेऊन येतो."

डिस्क काढून ठेवली आणि सीपीयू त्या पोराबरोबर परत पाठवला. तीन-चार दिवस धुंडाळल्यावर तिची जुळी बहीण भंगारात सापडली, त्याच कंपनीची, त्याच मापाची. ती मी आधी शून्यांनी पुसून स्वच्छ केली. नानांच्या डिस्कला कुंकवाचा ठिपका लावला. दुसऱ्या दिवशी नक्कल उतरवायची, तर ती खंडेनवमी निघाली. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा, आणि पूजा झाल्यावर दसऱ्याच्या सकाळपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. अक्का या बाबतीत फार कडक. सकाळीच त्यांनी पाटावर लाल खण अंथरला. माझे पेचकस, सोल्डरिंगची कांडी, मल्टीमीटर, पुढच्या दुकानातली कात्री आणि कापड मोजायचा गज, सगळं मांडलं. टेबलावरच्या दोन्ही डिस्कही त्यांनी उचलल्या. ओल्या फडक्याने एकेक वस्तू पुसली, मग हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. मी हात जोडून शेजारी उभा होतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. नंतर मी दोन वाट्या शिरा खाल्ला आणि घरी गेलो.

दसऱ्याला सकाळी दुकान उघडलं. आपट्याची पानं विकायला बसलेल्या बाया रस्त्यावर होत्या, शेठ गिऱ्हाइकांना सोनं देत होते. मी पाटावरच्या दोन डिस्क उचलल्या. एकीच्या तोंडावर कुंकू, दुसरीचं तोंड कोरं. जोडल्या, कमांड दिली आणि चहा घेत बसलो.

डिस्क वाचली जाऊ लागली. आवाज सरळ, एका लयीत. मी मनात म्हटलं, वा, देवीची कृपा. चहा संपला. तरी कुठे अडखळ नाही. आणि मग लक्षात आलं. आजारी डिस्क इतक्या शहाण्यासारखी वाचली जात नाही. ती अडते, परत परत प्रयत्न करते, पडद्यावर चुकांच्या ओळी टाकते. मी नक्कल थांबवली, मशीन बंद केलं आणि कोऱ्या तोंडाची डिस्क काढून उलटी केली. मागच्या बाजूला, हिरव्या सर्किटवर, अक्कांनी लावलेलं ठसठशीत कुंकू होतं.

अक्कांनी दोघींनाही कुंकू लावलं होतं. माझा ठिपका ओल्या फडक्याने पुसला गेला होता, आणि नानांची डिस्क पाटावर पालथी पडलेली होती म्हणून तिला कुंकू पाठीवर लागलं. मी रिकामी डिस्क नानांच्या डिस्कवर ओतत होतो. सुमारे एक तृतीयांश ओतून झाली होती.

मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. बाहेर कुणीतरी आपट्याचं पान पुढे केलं ते मी घेतलं, त्यांनाही दिलं. अक्कांचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. चांगला अर्धा तास मी मनातल्या मनात त्यांना धुऊन काढलं. मग कळलं की त्या माउलीने वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं होतं. देवाच्या डबीतलं कुंकू खुणेसाठी वापरायचं डोकं माझं होतं.

शेठना सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "डिस्क आजारी होतीच. बिघडून बसली म्हणून सांग. नाना काय, कुणीही मानेल." त्यांनी हे वाईट बुद्धीने सांगितलं नाही. माझी काळजी म्हणूनच सांगितलं. आणि ते इतकं सोपं होतं, की त्या दिवसापासून दोंडाईच्याला जाईपर्यंत माझ्या मनात ते वाक्य तयार होऊन बसलेलं होतं.

पुढचे बारा दिवस मी उरलेल्या दोन तृतीयांशांच्या मागे लागलो. आधी त्या डिस्कची, या वेळी दहादा तपासून, लिनक्सच्या मशीनवर एका मोठ्या फायलीत नक्कल उतरवली. ती डिस्क टिकटिक करत, रडतखडत वाचली गेली. फायलींची यादी तर सुरुवातीलाच असते, ती केव्हाच पुसली होती. म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडलेली, पानं विस्कटलेली. पण नानांनी प्रत्येक ओळीत इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव लिहिलं होतं. मी एकेक गावाचं नाव घेऊन त्या ढिगात शोधत सुटलो. नाव सापडलं की त्याच्या आजूबाजूला महिने आणि हात सापडत. गावं नऊ झाली, मग दहा. लिनक्सवर माझा जीव जडला तो खरं म्हणजे या बारा दिवसांत. आधीचं सगळं मिरवणं होतं.

अकरावं गाव सापडेना. सगळा ढीग चाळला, उलटसुलट शोधलं. मग उलगडलं. नानांनी आकडे भरताना सर्वांत आधी स्वतःच्या गावाची विहीर घेतली असणार. आधी लिहिलेलं डिस्कवर आधी बसतं, आणि मी पुसलं ते सुरुवातीपासूनच.

दिवाळीच्या आधी पॅसेंजरने दोंडाईच्याला गेलो. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, आणि प्रत्येक स्टेशनावर मी शेठचं वाक्य एकदा म्हणून बघितलं.

नानांच्या घरी गेल्यावर आधी काम केलं. त्यांच्या मशीनमध्ये जुळी डिस्क बसवली. तिच्यावर लिनक्स होतं, आणि लिनक्सच्या आत एका खिडकीत डॉस चालत होतं, त्यात फ्लॉपीवरून पुन्हा चढवलेला नानांचा प्रोग्रॅम. मासिकांत याला मशीनच्या आतलं मशीन म्हणत. डॉसला कळतही नव्हतं की तो दुसऱ्याच्या घरात राहतोय. मी नानांना ते समजावून सांगू लागलो. मला माहीत होतं की मी वेळ काढतोय.

"रेघ दिखस का?" नानांनी विचारलं.

"दिसते नाना. दहा गावांची." मग मी बोललो. डिस्क आपोआप बसली नाही, मी पुसली. कुंकू, पूजा, पालथी डिस्क, सगळं सांगितलं. अक्कांचं नाव घेतलं तेव्हा लगेच म्हणालो की चूक त्यांची नव्हती.

नानांनी पडद्याची काच हाताने चाचपली. मग म्हणाले, "कोनतं गाव गयं?"

"आपलं," मी म्हणालो. "तुमचं."

ते उठले. भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, आता ते बाहेर येणार नाहीत. ते आले तेव्हा त्यांच्या हातात दोराचं भेंडोळं होतं. नायलॉनचा दोर, टोकाला लोखंडी वजन.

"धर. दोरा देख."

दोरावर हात-हाताच्या अंतरावर गाठी होत्या. आणि गाठींच्या मधे कुठेकुठे रंगीत दोरे घट्ट बांधलेले. लाल, हिरवा, पांढरा, घरात ज्या वर्षी जो असेल तो. आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. सणाचा सण, आणि विहिरी सगळ्यांत खाली गेलेल्या असतात ते दिवस. दर आखाजीला नाना आपल्या गावाच्या विहिरीत दोर सोडत आणि पाणी लागलं की काठाशी येईल तिथे दोरा बांधत. गावातल्या बायाबापड्यांना वहीतला आकडा काय कळणार? दोर दाखवला की कळायचं, औंदा पानी आठलोंग शे, यंदा पाणी इथवर आहे.

मी दोर अंगणात पसरला. बावीस दोरे मोजले. वजनापासून धरलं तर वर्षागणिक ते वर वर, हाताकडच्या टोकाला सरकत गेलेले. शेवटच्या दोऱ्यानंतर जेमतेम दीड हात दोर शिल्लक होता. मला एकदम शंका आली. "नाना, हा दोर तर नवा दिसतो. बावीस वर्षांचा वाटत नाही."

पहिला सुती होता, कुजायला लागला, तेव्हा नवा आणला, असं त्यांनी सांगितलं. जुना आणि नवा शेजारी शेजारी ताणून, दोन्ही टोकांना दगड ठेवून, एकेक दोरा जुन्यावरून नव्यावर उतरवला. मग पुन्हा एकदा सगळे ताडून पाहिले. मगच जुना टाकला.

जे काम मी दोन वर्षं कचोरी खात करत होतो, ते या माणसाने अंगणात दगड ठेवून केलं होतं, आणि त्याची चूक झाली नव्हती. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. नानांना दिसत नव्हतं म्हणून मी ते पुसलं नाही.

मी गाठी मोजून आकडे सांगत गेलो आणि भरत गेलो. महिन्यामहिन्याचे आकडे गेले ते गेलेच. वर्षाला एक, एवढेच हाती आले. प्राध्यापक दिवाळीनंतर आले, सगळं फ्लॉपीवर घेऊन गेले. त्याआधी, दोंडाईच्याहून निघताना मी बाजारातून एक दोनशे पानी वही आणली आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवली. नाना वहीवरून हात फिरवत म्हणाले, "आते कागद कसाले?" मला टोमणा कळला.

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "आखाजीले येशी का? माले आते दिखत नही. दोर तू सोड."

आखाजीला गेलो. घराघरात पुरणपोळी आणि आंब्याचा रस, निंबाच्या झाडांना झोके, माहेरी आलेल्या पोरी त्यावर गाणी म्हणत होत्या. नाना माझा खांदा धरून विहिरीपर्यंत आले. काठावर बसले आणि कान देऊन थांबले. वजन पाण्याला लागलं की आवाज येतो. मी दोर सोडत गेलो. एकेक गाठ हातातून जात होती. शेवटचा दोरा गेला. पुढचा हात गेला. मग दोराचं टोक माझ्या मुठीत आलं, आणि खाली वजन नुसतं लोंबकळत होतं.

मी तसाच उभा राहिलो. त्यांना दिसत नव्हतं. कुठेतरी एक दोरा बांधला असता तरी चाललं असतं.

"नाना, दोर संपला," मी म्हणालो. "पाणी लागलं नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "लिख."

घरी आल्यावर प्रोग्रॅम उघडला. त्या रकान्यात तो आकड्याशिवाय काही घेत नव्हता. मी तो रकाना मोकळा सोडला, वही उघडली आणि पहिल्या पानावर लिहिलं: आखाजी, आपली विहीर, दोर पुरला नाही. मग नानांना ते मोठ्याने वाचून दाखवलं.